पोकलेन येण्यापूर्वी

परभणीच्या जुन्या बाजारपेठेत, म्हणजे कच्छी बाजार, गुजरी बाजार, नानलपेठ या भागांत, दोन पिढ्यांची बांधकामं एकमेकांना टेकून उभी आहेत. पहिली निजामाच्या काळातली किंवा त्याच धाटणीची: दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यांवर सागवानी तुळया, कडीपाट आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचं माळवद. दुसरी सिमेंट सहज मिळू लागल्यानंतरची: खाली गाळे, वर एक-दोन मजले, विटांच्या भिंती, कुठे पुरते कॉलम-बीम, तर कुठे नुसत्या भिंतीवर टेकवलेला स्लॅब. दोन्ही पिढ्या आता एकदमच थकल्या आहेत. माळवद गळतं. स्लॅबच्या पोटातली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर येऊ लागतात. जागेला मात्र भाव चढलेला आहे. त्यामुळे स्टेशन रोड असो की वसमत रोड, जुनं पाडून नवं कॉम्प्लेक्स उठवण्याचा विचार अनेक मालकांच्या डोक्यात असतो.

बांधताना आपण प्रत्येक पाऊल जपून टाकतो. आर्किटेक्टचा नकाशा असतो, आरसीसी डिझाइन असतं, स्लॅब पडायच्या दिवशी इंजिनीअर हजर असतो. पाडताना बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नसतं. ठेकेदाराला फोन जातो, भंगाराचा सौदा ठरतो आणि पोकलेन दारात येतं. मला हे अगदी उलटं वाटतं. नव्या इमारतीच्या पोटात काय आहे ते कागदावर असतं. चाळीस वर्षांच्या इमारतीत काय आहे ते कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. मधल्या काळात एखाद्याने दुकान मोठं करायला भिंत काढलेली असते, दुसऱ्याने गच्चीवर टाकी चढवलेली असते, तिसऱ्याने पोटमाळ्यासाठी भिंतीत लोखंडी गर्डर घुसवलेला असतो. मूळ नकाशा सापडला तरी तो आजच्या इमारतीचा नसतो. म्हणून डोकं जास्त लागतं ते पाडतानाच.

सगळ्या नियोजनाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: कोणत्या भागाचं ओझं कशावर आहे? स्लॅबचं ओझं बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलमचं पायावर, हा सरळ रस्ता झाला. पण इमारतीत असेही भाग असतात की जे वरच्या ओझ्याने दबून राहतात म्हणूनच जागेवर राहतात. दुकानावरचा छज्जा हे त्याचं रोज डोळ्यांसमोर असलेलं उदाहरण. तीन-चार फूट बाहेर आलेल्या त्या छज्ज्याला खालून आधार नसतो. त्याचा मागचा भाग भिंतीत गेलेला असतो आणि त्या भागावर वरची भिंत बसलेली असते. तिच्या वजनामुळे पुढचा भाग वर तोललेला राहतो. आता मजूर गच्चीवरून काम सुरू करतात, पॅरापेट काढतात, मग मागची भिंत वरून खाली उतरवत आणतात. काम वरून खाली चाललं आहे, म्हणजे रीतीप्रमाणेच चाललं आहे असं वाटतं. भिंतीच्या शेवटच्या दोन-चार थरांपर्यंत आले की छज्ज्याच्या शेपटीवरचं वजन उरत नाही, आणि पुढे दुकानाचा बोर्ड, एसीचं युनिट, कधी विटांची सजावट लटकलेली असते. छज्जा पुढे कलंडतो आणि थेट रस्त्यावर येतो. त्याला आधी खालून बल्ल्या किंवा जॅक लावून, भिंतीला हात लावण्याच्या आधीच तो तोडून घ्यायचा असतो. हे एका नजरेत दिसणारं नाही, त्यासाठी कुणीतरी इमारतीभोवती हिंडून ते वहीत मांडावं लागतं.

बांधकामाचा उलटा क्रम, म्हणजे शेवटी बांधलेलं आधी काढायचं, हा पाडकामाचा मूळ नियम आहे. भारतीय मानक ब्युरोची इमारत पाडण्याच्या सुरक्षिततेची स्वतंत्र संहिता आहे, आयएस ४१३०, १९९१ मध्ये सुधारलेली. वरून खाली यायचं, आधाराविना उंच भिंत उभी ठेवायची नाही, काढलेला माल मजल्यावर साठवायचा नाही, खाली माणूस असताना वर काम करायचं नाही, या सगळ्या गोष्टी अशा संहितेत लिहून ठेवल्या आहेत. ती वाचायला अवघड नाही. तिच्यातल्या एका मुद्द्यावर मात्र मी जास्त थांबणार आहे, कारण माणसं त्यातच दगावतात. तो मुद्दा म्हणजे मजल्यावर साठलेला मलबा.

दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब गाळा घ्या. पाच इंची स्लॅब धरला तर नुसत्या त्या स्लॅबचं वजन चार टनांच्या वर भरतं. हा स्लॅब दुकानासाठी डिझाइन केला असेल तर आपल्या मानकाप्रमाणे त्याने दर चौरस मीटरला ४०० किलो माल-माणसांचं वजन पेलावं अशी अपेक्षा असते. दीडशे चौरस फुटांवर ते साडेपाच टन होतं. आता वरचा मजला फोडताना या स्लॅबवर एक फूट उंचीचा मलबा साचला असं समजा. हिशेब सोपा आहे: दीडशे घनफूट म्हणजे दीड ब्रास, आणि वीट-काँक्रीटच्या मलब्याचा एक ब्रास साधारण चार टनांचा. म्हणजे सहा टन. नव्या, धडधाकट स्लॅबची मर्यादाही एका फुटात ओलांडली, आणि आपला स्लॅब तर गंजलेला आहे. म्हणून तर तो पाडायला घेतला आहे. तो खचला की त्याच्यासकट दहा टन खालच्या स्लॅबवर आदळतात, तो लगेच तुटतो, आणि मग तळमजल्यापर्यंत काही थांबत नाही. वरचा मजला आणि खालचे मजले एकाखाली एक बसत जाण्याचा हा प्रकार काही क्षणांचा असतो. ठेकेदार ‘संध्याकाळी एकदम खाली ओढू’ म्हणतो तेव्हा तो दिवसभर हेच ओझं रचत असतो. मलबा त्याच दिवशी, तासा-दोन तासांनी खाली उतरला पाहिजे. त्यासाठी बंदिस्त घसरणी लावायची, नाहीतर मजल्यांच्या मधोमध भोक पाडून ते कठड्याने घेरायचं. मजल्यावर छोटं मशीन चढवायचं असेल तर खालच्या दोन-तीन मजल्यांना जॅकचे टेकू देऊन मगच.

माळवदाच्या इमारतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे ओझं आधीपासूनच डोक्यावर असतं. पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी मातीचा नवा थर चढवला जातो, आणि शंभर वर्षांत तो फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही जाड होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसं गेली, त्याचं एक मोठं कारण हेच होतं: गोल दगड मातीत बसवलेल्या भिंती आणि त्यांवर टनावारी मातीचं छप्पर. असं घर किंवा दुकान पाडताना पहिल्यांदा काढायची ती माती. ती घमेल्याने, दोन्ही बाजूंनी सारखी काढत न्यायची. एका टोकाची आधी उतरवली तर तुळई एकीकडे हलकी आणि दुसरीकडे जड होते. माती गेल्यावर कडीपाट, मग तुळया, आणि तुळया निघाल्या की भिंती रोजच्या रोज खाली आणायच्या. मातीत बांधलेली भिंत वरून उघडी पडली आणि तिच्यात एक अवकाळी पाऊस मुरला तर तिची ताकद उरत नाही. मराठवाड्यात हे काम मार्च-एप्रिलमध्ये हाती घेऊन मेअखेर संपवावं, ते एवढ्यासाठीच. मृगाच्या तोंडावर सुरू केलेलं माळवदाचं पाडकाम शेजाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

शेजाऱ्याचा प्रश्न आमच्या बाजारपेठांत सगळ्यात नाजूक. दोन दुकानांमध्ये भिंत एकच असते, सामाईक. तिच्या एका बाजूला तुमच्या तुळया घुसलेल्या, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या. दोन्हीकडून दाब असतो तोवर ती सरळ उभी. तुमच्या तुळया ओढून काढल्या की तिचा एका बाजूचा आधार जातो आणि भोकं तेवढी उरतात. त्यात सागवान हा पाडकामातला सगळ्यात किमती माल. बहुतेक सौद्यांत निघालेला माल ठेकेदाराचा असतो. तो त्याची किंमत मजुरीतून वळती करतो किंवा उलट मालकालाच पैसे देतो. साहजिकच चांगल्या तुळया आणि लोखंडी गर्डर आधी काढून विकण्याचा मोह होतो.

या मोहाचा शेवट कसा होतो ते ५ जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात दिसलं. मार्केट स्ट्रीटवरची चार मजली जुनी इमारत पाडताना आतले लाकडी वासे विक्रीसाठी आधी काढून घेतले गेले. वाशांनी धरून ठेवलेली उंच विटांची भिंत एकटी उभी राहिली आणि ती शेजारच्या बसक्या दुकानावर कोसळली. आतली गिऱ्हाइकं आणि कामाला असलेली माणसं गेली. ठेकेदार आणि मशीन चालवणारा, दोघांनाही तुरुंगवास झाला. भरवस्तीतल्या पाडकामाचे सौदे करणाऱ्या प्रत्येक मालकाने ही घटना लक्षात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं, कारण ती स्फोटकांची किंवा गगनचुंबी इमारतीची गोष्ट नाही. चार मजले, जुनी वीट, लाकूड आणि चिकटून असलेलं शेजारचं दुकान, इतकंच तिच्यात आहे, आणि तेवढं आमच्याकडे प्रत्येक पेठेत आहे.

म्हणून पहिला हातोडा पडण्याआधी शेजारच्या भिंती तपासायच्या. आतून-बाहेरून तारखेसह फोटो काढायचे, प्रत्येक तडा लिहून ठेवायचा. जुन्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरने बसवायची आणि बाजूला तारीख टाकायची ही साधी युक्ती अजूनही उत्तम आहे. भिंत किंचित जरी सरकली तरी काच तडकते, आणि काच तडकली की काम त्याच क्षणी थांबतं. सामाईक भिंतीला शेजाऱ्याच्या संमतीने तिरके टेकू लावायचे. तुमच्या बाजूची भोकं वीट-सिमेंटने बुजवायची आणि उघड्या पडलेल्या मातीच्या अंगाला पावसाआधी गिलावा करायचा. हा खर्च पाडणाऱ्याने करायचा, आणि तो अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरायचा.

कागदोपत्री बाजूही आहे. परभणीत महानगरपालिका आहे, तर सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पूर्णा इथे नगरपरिषदा. महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ धोकादायक इमारत रिकामी करण्याची, पाडण्याची नोटीस काढण्याचा अधिकार आयुक्तांना देतं, आणि त्याच कायद्यात तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या मजबुतीच्या प्रमाणपत्राचीही तरतूद आहे. राज्यात धोकादायक इमारतींची वर्गवारी सी-१ पासून सी-३ पर्यंत होते: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरे. हा शिक्का स्ट्रक्चरल ऑडिटनंतर बसतो. ऑडिटमध्ये काँक्रीटवर हातोडीसारखं यंत्र आपटून त्याचा कडकपणा पाहतात, ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधतात, गरज पडली तर काँक्रीटचा नळीएवढा तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. व्यापारी इमारतीत भाडेकरू असतात, काही पिढीजात. प्रत्येक गाळ्याचं मोजमाप आणि ताब्याची नोंद पाडण्यापूर्वी सगळ्यांच्या सह्यांनी झाली नाही तर इमारत जाते आणि दावा उरतो.

मग जोडण्या. महावितरणकडून वीज कायमची तोडून घ्यायची, मीटर काढलं म्हणून आतली तार मेली असं धरायचं नाही. शेजारच्या दुकानाने भिंतीतून नेलेली तार तुमच्या प्लास्टरखाली जिवंत असू शकते. नळाची लाइन रस्त्यावर बंद करायची, ड्रेनेजचं तोंड बुजवायचं, म्हणजे मलबा गटारात जाऊन अख्खी गल्ली तुंबणार नाही. लिफ्ट असेल तर तिचं प्रतिवजन आधी उतरवायचं. जनरेटरच्या टाकीतलं डिझेल काढायचं, कारण पुढे गॅस कटर चालणार आहे.

इमारत रिकामी झाली की सोलाई सुरू होते: काचा, दारं, खिडक्या, ग्रिल, शटर, वायर, पाइप, शहाबादी फरशा. हे काम हातानेच होतं आणि हातानेच व्हावं. जुन्या इमारतींतली शहाबादी नीट काढली तर पुन्हा बसते, आणि सागवानी चौकटी तर नव्यापेक्षा टिकाऊ निघतात. एका वस्तूबद्दल मात्र सावध राहायला हवं. जुन्या जिनिंगच्या शेडवर आणि मोंढ्यातल्या गोदामांवर सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फुटला की ते हवेत मिसळतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन वर येतात. ते घणाने फोडून खाली पाडायचे नाहीत. पाणी मारून ओले करायचे, बोल्ट कापून अखंड उतरवायचे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवायचे. दुसरा धोका लगेचचा आहे: जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. त्यावर पाय ठेवला की माणूस सरळ वीस फूट खाली. फळ्या टाकून आणि कमरेला पट्टा लावूनच वर जायचं.

आता पोकलेन. वीस टनांच्या साध्या पोकलेनचा हात जमिनीवरून साधारण नऊ मीटरपर्यंत पोचतो, म्हणजे तळमजला अधिक दोन मजले जेमतेम त्याच्या आवाक्यात. पण मशीन इतकं लांब उभं राहायला हवं की भिंत त्याच्या दिशेने पडली तरी चालकाच्या केबिनपर्यंत येऊ नये. कच्छी बाजारासारख्या पेठेतल्या गल्लीत एवढी जागा मिळणं कठीण. मग मशीन इमारतीला खेटून उभं राहतं आणि ऑपरेटर खालचा कॉलम तोडून इमारत आपल्यापासून पलीकडे बसवायचा प्रयत्न करतो. तो जुगार आहे. अशा ठिकाणी वरचे मजले ब्रेकर आणि गॅस कटरने, हाताने उतरवून मगच मशीनला वाट द्यावी. वेळ जास्त लागतो, पैसेही जास्त लागतात. जगातली मुद्दाम पाडलेली सगळ्यात उंच इमारतही अशीच मजल्या-मजल्याने उतरवली गेली: न्यूयॉर्कमधली पार्क अॅव्हेन्यूवरची ५२ मजली युनियन कार्बाइड इमारत, २१० मीटरहून उंच, २०१९ ते २०२१ या काळात. एकही स्फोट न करता. जपानमध्ये काजिमा कंपनीने २००८ मध्ये आपलं जुनं मुख्यालय याच्या बरोबर उलट पाडलं: इमारत जॅकवर तोलून धरली, तळमजला कापून काढला, जॅक खाली घेतले, पुन्हा तळमजला. आवाज आणि धूळ जमिनीलगतच राहिली.

लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र पाडकाम म्हटलं की नोएडाचे जुळे टॉवर येतात. २८ ऑगस्ट २०२२ च्या दुपारी अपेक्स आणि सेयान या ३२ आणि २९ मजली इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने काही सेकंदांत खाली बसल्या. ते काम मुंबईच्या एडिफिस इंजिनीअरिंगने दक्षिण आफ्रिकेच्या जेट डिमॉलिशनच्या साथीने केलं. सुमारे ३,७०० किलो स्फोटकं वापरली गेली आणि मलबा निघाला तो अंदाजे ८० हजार टन. म्हणजे दर टनामागे पन्नास ग्रॅमही दारू नाही. स्फोटाने इमारत उडत नाही. निवडक मजल्यांवरचे कॉलम सेकंदाच्या अंशांच्या फरकाने एकामागून एक फोडले जातात आणि बाकीचं काम तिचं स्वतःचं वजन करतं. कोणता कॉलम आधी फुटतो यावर ती कुठे झुकेल ते ठरतं. त्याआधी एप्रिलमध्ये चाचणी स्फोट झाला, त्यात बांधकाम अपेक्षेपेक्षा मजबूत निघालं, आणि मे महिन्याची ठरलेली तारीख ऑगस्टपर्यंत पुढे गेली.

नोएडानंतर महिना-सव्वा महिन्यातच हीच कंपनी पुण्यात चांदणी चौकाचा पूल पाडायला आली. १ ऑक्टोबरच्या रात्री मुंबई-बेंगळुरू महामार्गाची वाहतूक बंद झाली. पुलात तेराशेहून जास्त भोकं पाडून सुमारे ६०० किलो स्फोटकं भरलेली होती, तुकडे उडू नयेत म्हणून सगळा पूल कापडाने आणि जाळीने गुंडाळलेला होता. मध्यरात्र उलटल्यावर, २ ऑक्टोबरला, स्फोट झाला. धूळ खाली बसली तेव्हा पुलाचा काही भाग जागेवरच लटकत होता. काँक्रीट फुटलं होतं, पण आतल्या सळयांनी त्याला धरून ठेवलं होतं. स्टील अंदाजापेक्षा बरंच जास्त निघालं. मग पोकलेन आणि ब्रेकर लावून उरलेलं पहाटेपर्यंत पाडलं गेलं. मला या घटनेत अपयश दिसत नाही. मशीनं आधीपासून तयार उभी होती, रस्ता बंद होता, माणसं दूर होती, म्हणून पूल अर्धा उभा राहूनही कुणाला इजा झाली नाही. पोटात काय आहे ते शेवटपर्यंत पूर्ण कळत नाही, हे धरूनच योजना आखलेली होती.

राज्यात स्फोटाने पाडलेली आणखी दोन कामं आठवतात. खंडाळ्याच्या घाटातला १८३० चा अमृतांजन पूल ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत द्रुतगती मार्ग ओस पडलेला असताना पाडला गेला. सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेला अडथळा म्हणून १५ जून २०२३ रोजी जमीनदोस्त झाली. तिन्ही ठिकाणी पडणाऱ्या वस्तूला आडवं व्हायला मोकळी जागा होती, किंवा ती करून घेता आली. परभणीतल्या तीन मजली कॉम्प्लेक्सला ना अशी जागा असते, ना तेवढी उंची. विहिरींना सुरुंग लावणारी कसबी माणसं मराठवाड्यात गावोगाव आहेत, पण बेसाल्टमधला सुरुंग आणि कॉलममधला सुरुंग यांची विद्या वेगळी आहे. स्फोटकांचे परवाने ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. बाजारपेठेत हा विचारच करू नये.

मलब्याकडे येऊ. तीन हजार चौरस फुटांची साधी तीन मजली इमारत पाडली तर साडेतीनशे टनांच्या आसपास माल निघतो, ट्रॅक्टरच्या ऐंशी-नव्वद ट्रॉल्या. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा करणाऱ्यावर काँक्रीट, माती, वीट, स्टील, लाकूड-प्लॅस्टिक वेगवेगळं करण्याची आणि पालिकेला विल्हेवाटीची योजना देण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे आमच्या पेठेतलं एक मध्यम कॉम्प्लेक्ससुद्धा त्यात बसत होतं. २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत आणि २० हजार चौरस मीटरवरच्या प्रकल्पांवर मलब्याच्या पुनर्वापराचं बंधन घालतात. प्रत्यक्षात मलबा रात्रीतून नाल्याच्या काठी किंवा शहराबाहेरच्या रस्त्याच्या कडेला जाऊन पडतो, आणि पावसाळ्यात तोच नाला वस्तीत शिरतो. याची खरोखर गरज नाही. काँक्रीट भरडून निघालेल्या खडीला आयएस ३८३ या मानकाने २०१६ पासून मान्यता दिली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णच. विटांचा चुरा काळ्या मातीच्या शेतरस्त्यांना भरती म्हणून चालतो.

लोखंडाला मात्र कुणी टाकून देत नाही. परभणीहून रेल्वेने आणि ट्रकने जवळच असलेल्या जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत, आणि मराठवाड्यातल्या जुन्या स्लॅबचं स्टील तिथे जाऊन पुन्हा टीएमटी होऊ शकतं. ही साखळी चांगली आहे. वाईट आहे ते मधलं दुकान: वाकलेली, गंजलेली सळई हातोडीने सरळ करून गरिबाच्या घराच्या स्लॅबसाठी स्वस्तात विकणं. एकदा वाकवून सरळ केलेल्या सळईला बारीक चिरा जातात आणि गंजाने तिची जाडी आधीच घटलेली असते. ती भट्टीतच जायला हवी.

हे सगळं ज्यांच्या हातांनी होतं त्यांच्याकडे शेवटी पाहिलं जातं, ते खरं तर आधी व्हायला हवं. घण आणि ब्रेकर चालवणारा मजूर रोजंदारीचा असतो, तोंडाला रुमाल बांधलेला. वीट, वाळू आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, तिचे बारीक कण रुमालातून आरपार जातात आणि सिलिकोसिस होतो, त्यावर औषध नाही. फोडताना पाण्याचा बारीक फवारा आणि चांगला मास्क, एवढ्याने हा आजार बराच टळतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते हे मान्य, पण दिवसाला एक टँकर हा या कामाच्या खर्चात अगदीच छोटा आकडा आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात ‘बांधकाम’ या व्याख्येतच पाडकाम होतं, त्यामुळे कल्याणकारी मंडळाची नोंदणी हा पाडकामाच्या मजुराचाही हक्क ठरला. ठेकेदाराशी करार करताना मालकाने दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: मजुरांचा विमा, आणि पाडण्याचा क्रम एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीने. महानगरपालिकेनेही नव्या बांधकामाची परवानगी देताना ही सही मागितली पाहिजे. आज तिची सवय नाही, आणि ती लागावी म्हणून हा लेख.

जमिनीवरचं सगळं गेलं तरी पाडकाम संपलेलं नसतं, जुना पाया काढायचा राहतो. परभणीची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या दुकानांचे पाये उथळ असतात. त्यांच्याशेजारी नव्या तळघरासाठी दहा फूट खड्डा सरळ उभा खणला की शेजारच्या पायाखालची माती मोकळी होते, आणि कोरडी असताना ताठ उभी दिसणारी ती काळी भिंत पहिल्या जोराच्या पावसात घसरते. म्हणून शेजारच्या बाजूने पाया एकदम काढायचा नाही. चार-पाच फुटांचे तुकडे करायचे, एकाआड एक तुकडा खणायचा, तिथे नवं काँक्रीट भरून ते पक्कं होऊ द्यायचं, आणि मगच मधला तुकडा हाती घ्यायचा. खड्डा पावसाळ्यात उघडा राहणार असेल तर तो मुरुमाने परत भरून, दाबून ठेवावा आणि दसऱ्यानंतर पुन्हा उघडावा.